नाशिकचे लोकप्रतिनिधी : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

समाजाच्या एका वडीलधाऱ्या पुरुषाचे चरित्र स्मरणिकेच्या अंकात द्यावे, हा प्रघात चांगला आहे. यंदा आम्ही कर्मवीर भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांचे चरित्र हाती घेतले आहे. दादासाहेबांचे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. काळाराम मंदिराचा सत्याग्रह तर मुलांनाही ठाऊक असतो. परंतु १९५७ साली नाशिकच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले आणि ती जागा राखीव नव्हती, सर्वसाधारण होती, ही गोष्ट नव्या पिढीतील पुष्कळांच्या कानांवर गेलेली नसते. मताधिकाराची किंमत समजून घ्यावयाची असेल, तर ही गोष्ट घराघरांत सांगितली गेली पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रसंगाला आम्ही मुद्दाम अधिक जागा देत आहोत.

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबई, आग्रा आणि पुणे अशा तीन बाजूंचे हमरस्ते फुटतात. मुंबईच्या रस्त्याने गेले की इगतपुरीचा घाटमाथा लागतो. पुण्याच्या रस्त्याने नाशिकरोडवरून सिन्नर लागते. आग्र्याचा रस्ता गोदावरी ओलांडून पंचवटीच्या अंगाने पुढे ओझर-पिंपळगावाकडे जातो. या चौकातून पंचवटीतील काळारामाचे देऊळ हाकेच्या अंतरावर नसले, तरी पायी जाण्याजोगे खास आहे. द्वारका म्हणजे द्वारांची नगरी. ज्या गावात एका चौकाला असे नाव आहे, त्याच गावात एका देवळाची द्वारे हजारो माणसांना वर्षानुवर्षे बंद राहिली. या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदल्या, याचे नवल आम्हांस नेहमीच वाटत आले आहे.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. त्या काळी महार कुटुंबाच्या वाट्याला काय येत असे, हे आपल्या वाचकांपैकी वयोवृद्धांस निराळे सांगावयास नको. येसकराची पाळी, सरकारी कामगारांचे निरोप पोचविणे, मेलेली गुरे ओढणे, सांगितल्या वेळी सांगितले काम करणे, आणि या सर्वांच्या मोबदल्यात बलुते व हाडकी-हाडोळ्याची जमीन. ही जमीन नावाला वतन होती. पिढ्यान्‌पिढ्या तिचे इतके वाटे पडलेले असत की एकेका घराच्या हाती वावराचा कोपराच उरे, आणि त्या कोपऱ्यासाठी सारे कुटुंब गावकीच्या दावणीला बांधलेले राही. जमीन असून भूमिहीन, अशी ही विलक्षण अवस्था होती. दादासाहेबांनी उत्तरायुष्यात जमिनीचा प्रश्न इतक्या निकराने का धरून ठेवला, याचे मूळ या गावगाड्यात शोधावे लागते.

तरुणपणीच ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीत ओढले गेले. बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांत विद्वान होते, वकील होते, वक्ते होते. भाऊरावांचा पिंड निराळा होता. धोतर, सदरा, खेड्यातली बोली आणि कामाला न कंटाळणारा स्वभाव हे त्यांचे भांडवल. गावोगावच्या माणसांना नावानिशी ओळखणारा, चुलीपर्यंत ज्याला मुभा आहे असा कार्यकर्ता चळवळीला हवा असतो. नाशिक जिल्ह्यात तो भाऊरावांच्या रूपाने लाभला.

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी नाशकात समिती नेमण्यात आली, तिचे चिटणीसपद भाऊरावांकडे आले. २ मार्च १९३० रोजी सुमारे पंधरा हजार स्त्रीपुरुषांची मिरवणूक शिस्तीने निघाली व देवळापाशी आली. देवळाचे दरवाजे आतून बंद होते. मिरवणूक शांतपणे गोदेच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या. स्त्रियांची ही संख्या आम्ही मुद्दाम नोंदवीत आहोत, कारण घर व मोलमजुरी सांभाळून, अंगावर पोलीस येतील हे ठाऊक असूनही त्या बसल्या होत्या. पुढे ९ एप्रिलला रामाच्या रथयात्रेचा दिवस आला. रथ दोन्हीकडच्या लोकांनी मिळून ओढावा अशी तडजोड ठरली होती. ऐन वेळी रथ पळविण्यात आला, दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. त्यानंतर खेड्यापाड्यांतून आपल्या लोकांच्या वाटा अडविणे, मुलांना शाळेतून हुसकणे, अशा सूडाच्या गोष्टी घडू लागल्या.

सत्याग्रह एका दिवसाचा असला की त्याला शौर्य पुरते. तो वर्षानुवर्षे चालवावयाचा म्हणजे शिधा, पैसा, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची चूल आणि खचणाऱ्या मनांना धीर, हे सारे रोज पुरवावे लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. नाशकातला सारा भार भाऊरावांच्या खांद्यावर राहिला. बाबासाहेबांनी त्यांस लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. ती वाचताना, गुरूने शिष्यावर किती विश्वास टाकला होता, हे जागोजाग दिसते. मोठमोठे राजकीय बेत आणि किरकोळ खर्चाचे तपशील ही दोन्ही त्या पत्रांत शेजारी शेजारी येतात. आमच्या मते भाऊरावांची खरी थोरवी त्या किरकोळ तपशिलांत आहे.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांनाच पत्र लिहून मंदिरप्रवेशाचा मार्ग यापुढे नको, असे कळविले. मूर्तिपूजेची गोडी लागावी म्हणून हा लढा उभारला नव्हता, लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून उभारला होता, आणि ते कार्य झाले आहे, आता सारी शक्ती शिक्षण व राजकारण यांकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय. चार वर्षे ज्याने दरवाजापुढे माणसे बसविली, त्याला हे पत्र आले. देऊळ तर उघडलेच नव्हते! भाऊरावांच्या जागी दुसरा कोणी असता, तर श्रम वाया गेले म्हणून रुसला असता. भाऊराव कामाला लागले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे परिषद भरली आणि हिंदू म्हणून मरणार नाही ही बाबासाहेबांची घोषणा तेथे झाली.

आता मतदारसंघाच्या प्रश्नाकडे वळावयास हवे, कारण दादासाहेबांच्या खासदारकीचे मर्म त्याशिवाय कळणार नाही. आपल्या प्रतिनिधीची निवड आपण करावी की सर्वांनी मिळून करावी, हा वाद गोलमेज परिषदेपासूनचा. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी येरवड्यास उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या बदली प्रांतिक कायदेमंडळांत एकूण १४८ राखीव जागा मिळाल्या. परंतु त्या जागांवरील उमेदवारास अखेरीस सर्व जातींच्या एकत्रित मतांवर निवडून यावयाचे होते. पहिल्या फेरीत अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावे आणि त्यांतील एक साऱ्यांनी मिळून उचलावा, अशी ती रचना होती. तिचा परिणाम असा, की समाजाला जो हवा तोच विधिमंडळात जाईल याची खात्री उरली नाही.

१९३७ च्या निवडणुकीत हे संकट टळले. स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई इलाख्यात चांगले यश मिळविले आणि भाऊराव नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेत गेले. १९४२ च्या जुलैमध्ये नागपुरास शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४६ च्या निवडणुकांत मात्र फेडरेशनची जवळजवळ सर्वत्र धूळधाण उडाली. स्वातंत्र्य आले, घटना आली, प्रौढ मतदान आले. राखीव जागा लोकसभेतही ठेवण्यात आल्या, पण त्या दोन सदस्यांच्या मोठ्या मतदारसंघांत सर्वसाधारण जागेला जोडलेल्या असत. १९५२ साली प्रत्यक्ष घटनेचे शिल्पकार उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर पराभूत झाले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले. राखीव जागा असूनही तिच्यावर बाबासाहेब निवडून येत नाहीत, हे शल्य समाजाच्या मनात खोल रुतले होते.

असे असता १९५७ साल उजाडले. त्याच्या आधीच्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास धम्मदीक्षेचा सोहळा झाला होता आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे दिल्लीस महापरिनिर्वाण झाले होते. लोकांचे अश्रू सुकले नव्हते. पुरते तीन महिने होण्याच्या आत निवडणूक आली. दुसरीकडे महाराष्ट्र पेटला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य लादले गेले आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळावा म्हणून समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली एकत्र आले होते. नाशिकच्या लोकसभेच्या जागेवर समितीच्या पाठिंब्याने उभे राहिले दादासाहेब गायकवाड.

ही जागा एकसदस्य, सर्वसाधारण. येथे राखीव मतपेटीचा आधार नव्हता. आपल्या समाजाची सारी मते एकजुटीने पडली, तरी तेवढ्याने विजय होणे शक्य नव्हते. कुणबी-मराठा शेतकऱ्यांनी, माळ्यांनी, कोळ्यांनी, शहरातील कामगारांनी आणि पांढरपेशांनीही आपली मतपत्रिका त्यांच्या निशाणीच्या पेटीत टाकावयास हवी होती. त्यांनी ती टाकली. दादासाहेब निवडून आले. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या शहरात त्यांच्या माणसांना देवळाच्या पायरीवरून हटविण्यात आले होते, त्या शहराचा आवाज दिल्लीच्या लोकसभेत उठविण्याचा अधिकार त्यांच्याकडे आला. शेजारच्या नगर जिल्ह्यातून, कोपरगावच्या जागेवरून, त्याच निवडणुकीत बी. सी. कांबळे निवडून आले.

येथे थोडे सावधपणे बोलले पाहिजे. हा विजय पाहून नाशिककरांचे मन पालटले, जातिभेद गळून पडला, असे लिहिणारे लिहोत. आमचे मत तसे नाही. समितीची लाट फार मोठी होती आणि तिने अनेकांना तारले. संयुक्त महाराष्ट्रासाठी मत देणारा माणूस आपल्या आडावर महाराला पाणी भरू देईलच, असे मुळीच नव्हते. तथापि लाट आली म्हणून कोणीही तरत नाही. समितीच्या घटक पक्षांनी ही जागा ज्याच्यासाठी सोडली, तो माणूस जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर तीस वर्षे हिंडलेला होता. त्याच्याविषयी मतभेद असणाऱ्यालाही त्याच्या सचोटीविषयी शंका नव्हती. देवळाचा दरवाजा मागून मिळाला नाही. मतपेटीचे झाकण मात्र कोणाला धरून ठेवता येत नाही, एवढे नाशिकच्या त्या निवडणुकीने दाखविले.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरास रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि दादासाहेब त्याच्या अग्रभागी आले. लोकसभेत त्यांचे काम दोन विषयांभोवती फिरत राहिले. पहिला विषय धर्मांतरितांच्या सवलतींचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता आणि १९५६ मध्ये तो शिखांपर्यंत वाढविण्यात आला. बौद्ध झालेला मनुष्य त्याबाहेर पडला. दीक्षा घेतल्याने त्याच्या डोक्यावरचे छप्पर बदलले नव्हते, गावाबाहेरची वस्ती बदलली नव्हती, पण शिष्यवृत्ती व नोकरीची दारे बंद झाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर राज्यापुरत्या सवलती मिळाल्या. केंद्राच्या सवलतींसाठी झगडा चालूच राहिला. दुसरा विषय भूमिहीनांचा. पडीक सरकारी जमिनी, गायराने, जंगलखात्याच्या ताब्यातील लागवडीजोग्या जमिनी भूमिहीनांना कसावयास द्याव्यात, एवढी साधी मागणी. भूमिहीन म्हणजे केवळ आपला समाज, असे त्यांनी कधी मानले नाही. आदिवासी, भटके, कुणब्यांतले गरीब, सारेच त्यांनी त्यात धरले. सर्वसाधारण जागेवरून निवडून आलेल्या प्रतिनिधीस ही व्यापक दृष्टी शोभून दिसली.

नुसत्या भाषणाने जमीन मिळत नाही, हे त्यांना लवकरच उमगले. १९५९ मध्ये लोकसभेचे सदस्य असतानाच त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. खानदेशात, मराठवाड्यात, नाशिक-नगरच्या खेड्यांत माणसे जमिनींवर जाऊन बसली, तुरुंगांत गेली. काळारामाच्या दारी जी शिस्त लागली होती तीच येथे कामी आली. याच सुमारास कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाली आणि गावकीचे जुने जोखड कागदावर तरी उतरले. जोखड उतरल्यावर पोटाला काय, हा प्रश्न दादासाहेब विचारीत होते.

पक्षात मात्र याच सुमारास फूट पडली. बी. सी. कांबळे आणि त्यांच्या विचाराचे सुशिक्षित कार्यकर्ते यांस साम्यवाद्यांच्या सहवासात चाललेली ही जमिनीची आंदोलने पसंत नव्हती. बाबासाहेबांनी दाखविलेला घटनात्मक मार्ग तेवढाच धरावा, असे त्यांचे म्हणणे होते. एक गट स्वतःला दुरुस्त म्हणवू लागला. लोकांनी विनोदाने दुसऱ्याला नादुरुस्त म्हटले आणि धोतरवाले व पँटवाले असे भेद पाडले. हा विनोद महाग पडला. दोन्ही बाजूंच्या हेतूंविषयी आम्ही शंका घेत नाही, परंतु जमिनीच्या प्रश्नावर दादासाहेबांची बाजू अधिक बळकट होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. खेड्यात राहणाऱ्या बहुसंख्य समाजाला शिक्षणाची फळे मिळण्यास एक पिढी लागणार होती. भूक तेवढी थांबणार नव्हती.

१ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला, समितीचे कार्य संपले आणि तिचा मेळही विसकटला. १९६२ च्या निवडणुकीत नाशिकची जागा काँग्रेसकडे गेली. पहिल्या लोकसभेत मध्य नाशिकचे प्रतिनिधित्व केलेले गोविंद हरी देशपांडे निवडून आले. त्यांचे १९६३ मध्ये निधन झाले आणि चिनी आक्रमणानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेलेले यशवंतराव चव्हाण याच जागेवरून बिनविरोध निवडले गेले. थोड्याच वर्षांत नाशिकच्या एका जागेने किती निरनिराळ्या प्रकृतीची माणसे पाहिली! दादासाहेब १९६२ मध्येच राज्यसभेवर गेले आणि १९६८ पर्यंत तेथे होते.

राज्यसभेत असताना त्यांच्या हातून सर्वांत मोठे काम झाले, आणि तेही सभागृहाबाहेर. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांस मागण्यांचे निवेदन सादर केले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, कसेल त्याची जमीन व्हावी, पडीक जमीन भूमिहीनांस द्यावी, धान्याचे भाव आवरावे, झोपडपट्ट्यांची स्थिती सुधारावी, किमान वेतनाचा कायदा अमलात आणावा, बौद्धांना सवलती मिळाव्यात, अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांस शासन व्हावे, अशा त्या मागण्या होत्या. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबर १९६४ रोजी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. पक्षाच्या हिशेबाप्रमाणे तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. मुलाबाळांसह बाया कचेऱ्यांपुढे येऊन अटक करून घेत. नाशिकच्या शांताबाई दाणी, ज्या दादासाहेबांच्या तालमीत वाढल्या आणि पुढे विधान परिषदेच्या सदस्य झाल्या, त्यांच्यासारख्या स्त्रिया या पिढीच्या चळवळीतून घडल्या. या लढ्यातून काही जमिनी मिळाल्या, काही केवळ आश्वासनांत राहिल्या. परंतु संख्येने व शिस्तीने एवढा मोठा सत्याग्रह समाजाने त्यानंतर केलेला नाही.

१९६७ च्या सुमारास दादासाहेबांनी काँग्रेसशी समझोता केला. आयुष्यभर जिच्याशी झुंज दिली तिच्याशीच हातमिळवणी, म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि पक्षातील तडे रुंदावले. सत्तेच्या जवळ गेल्याने भूमिहीनांच्या पदरात काही पडेल, अशी त्यांची आशा होती. ती फारशी सफळ झाली नाही. चरित्रनायकाविषयी आदर असला, तरी हे लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. १९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २९ डिसेंबर १९७१ रोजी नवी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागण्यांचा पुढील हिशेब येथे नोंदवून ठेवतो. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात १२ एप्रिल १९९० रोजी लागले. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रानेही त्याच वर्षी दिला. दादासाहेबांस जाऊन तेव्हा अठरा वर्षे उलटली होती. २००४ साली महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जातींच्या भूमिहीन कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना काढली. तीत चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. शासनाला जमीन विकत घेऊन ती द्यावी लागते, आणि विकावयास तयार असलेला मालक गावोगाव सापडत नाही, ही तिची अडचण.

२००८ च्या पुनर्रचनेत जिल्ह्याच्या लोकसभेच्या जागांच्या सीमा बदलल्या. नाशिकच्या जागेत आता सिन्नर, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली व इगतपुरी हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यांपैकी देवळाली अनुसूचित जातींसाठी व इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. लोकसभेची जागा मात्र सर्वसाधारणच राहिली आहे. दादासाहेबांचे आंबे गाव आणि धर्मांतराच्या घोषणेचे येवले ही दोन्ही दिंडोरीच्या लोकसभा मतदारसंघात गेली, आणि ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. द्वारकेजवळच, भाभानगरात, दादासाहेबांच्या नावाचे सभागृह आहे. तेथे लग्ने लागतात, मेळावे भरतात, निवडणुका आल्या की सर्व पक्षांच्या उमेदवारांच्या सभा होतात.